उशा किती लागतात?

सुनेच्या पायाला सकाळपासून भिंगरी होती. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. नऊ वर्षं मुलांत गेली. आता पुन्हा नर्स म्हणून वॉर्डात उभं राहायचं तर परीक्षा द्यावी लागणार. दोन खेपा हुकल्या होत्या. आज अकरा वाजता तिसरी, आणि शेवटची.

खुर्चीत सासूबाई वही घेऊन बसल्या होत्या, अख्खं शरीर मांडीवर घेतल्यासारख्या. मेंदू झाला, यकृत झालं.

"पोटॅशियम वाढलं तर?"

"आधी हृदयाचा आलेख. ठोका चुकायची भीती."

"तुझाच चुकतोय. बस की जरा."

"बसले की विसरते, आई."

पाठ राहावं म्हणून एकेका अवयवाची ओवी तिनं जुळवली होती. चालता चालता ती गुणगुणली:

डावं हृदय थकलं, पाणी फुप्फुसात दाटलं,
उजवं हृदय थकलं, पायी घोट्यात साठलं.

"जात्याविना ओव्या," सासूबाई म्हणाल्या आणि पान उलटून वाचू लागल्या. "आडवं झालं की धाप लागते. पहिलं काय विचाराल?"

"उशा किती लागतात. एकीवर भागतं, की दोन, की तीन. उशा मोजल्या की हृदय किती थकलंय ते कळतं."

सासूबाईंची नजर वहीतच. बरोबर नाही, चूक नाही. आणि त्या तर चूक काढायची संधी सोडणाऱ्या नव्हेत.

सून थबकली. मुलांच्या खोलीतली एक उशी परवा नाहीशी झाली होती. पोरं त्यावरून भांडली होती.

"आई, तुमच्या उशाशी किती आहेत?"

"पुढचं विचारते. मूत्र..." शब्द तुटला. श्वास घेऊन त्यांनी तो जोडला. "मूत्रपिंड."

तिनं खाली बसून त्यांचा घोटा अंगठ्यानं दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच. मग मनगट धरलं आणि नाडीच्या नावाखाली श्वास मोजले. सांगून मोजले की माणूस श्वास आवरून घेतो. मिनिटाला विसाच्या आत हवेत. अठ्ठावीस.

"कधीपासून?"

"चार दिवस. तीन उशांवर टेकून झोपते. तुझा पेपर झाला की सांगणार होते. तोवर काय आभाळ कोसळतंय?"

"कोसळतं, आई. चपला घाला."

परीक्षा रुग्णालयातच होती, तिसऱ्या मजल्यावर. तातडीचा विभाग तळाला. तिथल्या नर्सला तिनं एका दमात सांगितलं, "अडुसष्ट वर्षं, रक्तदाबाची गोळी चालू, चार दिवस धाप, तीन उशा, दोन्ही घोट्यांना खळगा, श्वास अठ्ठावीस."

नर्सनं लिहिता लिहिता मान वर केली. "कुठल्या वॉर्डच्या तुम्ही?"

"अजून कुठल्याच नाही."

पलंगाची पाठ उंच झाली, ऑक्सिजन लागला, अंगातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन शिरेत गेलं, लघवीची पिशवी पलंगाला लटकली. अकराला सात मिनिटं कमी. ती पलंगाच्या या बाजूनं त्या बाजूला.

"जा," सासूबाई मास्कमधून म्हणाल्या. "इथे तुझ्यासारख्या सहा आहेत. वर तू एकटीच."

"पण..."

"पण बिण काही नाही. तुझ्या येरझाऱ्यांच्या वाऱ्यानं डोकं उठलं माझं."

दोन-दोन पायऱ्या टाकत ती वर पोचली तेव्हा शिपाई दार लावत होता. त्यानं तिला फटीतून आत घेतलं. पेपर हातात आला. अक्षरं जागेवर राहीनात. पहिलाच प्रश्न: ताशी लघवी किती मिलिलिटरच्या खाली गेली तर डॉक्टरांना कळवाल?

खाली पिशवीत एव्हाना किती उतरली असेल? पन्नास तरी? निदान तीस हवीच, तिसाच्या खाली गेली तर त्या सहाजणींतली कुणीतरी धावायला हवी.

तीस, तिनं लिहिलं, आणि पुढचा प्रश्न घेतला.