झाकणावरचा शब्द

प्रयोगशाळेत आम्ही त्या दोघांना नवरा-बायको म्हणायचो. साखरेपासून केलेलं एस्टर नावाचं रसायन आणि एक एन्झाइम, खायचं क्रीम नासू नये म्हणून त्यात घालायची जोडी. एकेकटे असले की काही चिवट जंतू त्यांना भीक घालत नाहीत. एकत्र आले की जंतूंचं घर फोडून ठेवतात. एन्झाइम निसर्गातलं, म्हणून झाकणावर मी ‘नैसर्गिक’ एवढंच लिहायचे. साहेबांना हा शब्द भलताच आवडला होता.

त्या दिवशी चव बघून उरलेली क्रीमची एक डबी मी दादासाठी घरी आणली, फ्रिजमध्ये मागे सरकवली आणि तोंड धुवायला गेले. बाहेर येते तो सात वर्षांची भाची चमचा चाटत होती.

“वहिनी, हिने काय खाल्लं?”

“तुम्ही आणलेलं क्रीम. नैसर्गिक आहे ना ते?”

ते एन्झाइम अंड्याच्या पांढऱ्यातून काढतात. आणि या पोरीला अंड्याचा कणही चालत नाही, हे आमच्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक. पण कामावर वर्षभर कुणी अंडं हा शब्द उच्चारला नव्हता. मीही विसरले होते. कुणाला सांगणार हे?

“आत्या, घसा खाजतोय,” ती म्हणाली. ओठ सुजायला लागले होते.

अशा वेळेसाठी खणात कायम ठेवलेलं तिचं इंजेक्शन मी काढलं. थेंबाच्या शंभराव्या भागाचं माप घेणारे माझे हात, टोपण निघेना त्यांच्याने. वहिनी रडत गाडी बोलवत होत्या. पोरीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी सुई मांडीत टोचली आणि मोठ्याने दहा आकडे मोजले. इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “पोटात काय गेलंय?”

“काही वावगं नाही हो, नैसर्गिक...” वहिनी म्हणाल्या.

“अंडं,” मी म्हणाले. “मी आणलं होतं.”



तासाभराने तिचा श्वास सुरळीत झाला. ‘आधी वाच, मग खा’ हा नियम तिला मीच शिकवला होता, जोडाक्षरं येण्याच्याही आधी. तिने सुजलेले डोळे उघडले, मला पाहिलं आणि घाबरून म्हणाली,

“रागावू नकोस ना, आत्या. मी आधी वाचलं होतं गं.”