सकाळी सातची तपासणी

"पुन्हा एकदा वाचा," टेलरमास्तर म्हणाले, आणि ताईने ते सरकारी पत्र तिसऱ्यांदा वाचलं. मजकूर काही बदलला नाही. फेरतपासणीत लाभार्थी स्वावलंबी आढळल्यामुळे पुढच्या महिन्यापासून घरपोच मदतनिसाची सेवा बंद करण्यात येत आहे. 'स्वावलंबी' ऐकून मास्तर कोरडं हसले. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू जाऊन सहा वर्षं झाली होती.

ताई म्हणजेच ती मदतनीस. सरकारी निधीतून नगरपालिकेने नेमलेली, आणि गेली सहा वर्षं रोज सात ते दहा या एकट्या माणसाच्या घरी येणारी. तिचं काही अडत नव्हतं, तिला दुसरं घर मिळालं असतं. अडणार होतं मास्तरांचं. ती आली नाही तर ते अंथरुणातून उठणार नव्हते, इतकं सरळ होतं ते. मग राहिली कुठल्यातरी आश्रमातली खाट, आणि आश्रमाचं नाव काढलेलंही मास्तरांना खपत नसे.

वरून येणारा निधी आटला होता, म्हणून यंदा सगळ्यांचीच फेरतपासणी निघाली. तपासणीच्या मॅडम आल्या त्या अकरा वाजता. आणि ताईने काय करून ठेवलं होतं? पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं तसं मास्तरांना आवरून बसवलं होतं! अंघोळ, दाढी, भांग, खाटेवर धुतलेली चादर, खुर्ची खिडकीपाशी. आपलं काम चोख दिसावं, दुसरं काय! मॅडमनी विचारलं, कपडे स्वतः घालता का? मास्तरांनी करूनच दाखवलं. जन्मभर लोकांचे शर्ट शिवलेला माणूस तो. एकट्या डाव्या हाताने सहा महिने खपून त्यांनी आपले सगळे शर्ट उसवून नव्याने शिवले होते. बटणं वरून नुसती शोभेची, आत दाबली की बसणारी चिकटपट्टी. दीड मिनिटात शर्ट अंगात. मॅडम थक्कच झाल्या. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला मास्तर ऐटीत 'होतं की' म्हणत गेले आणि मॅडम खुणा करत गेल्या. दहानंतरही मुद्दाम थांबलेली ताई मागे उभी राहून कौतुकाने हसत होती. ते हसू आठवलं की आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून ती थेट कार्यालयात गेली. खिडकीवरच्या कारकुनाने हरकतीचा अर्ज घेतला आणि सांगितलं, तपासणी कार्यालयाच्या वेळेतच होते, तसा नियम आहे. ताई बाकावर जाऊन बसली. रोज साडेदहाला यायची आणि बसायची. चौथ्या दिवशी कारकून तिला बघून जेवणाच्या सुट्टीला साडेअकरालाच पळाला. पण ही बाई महाचिवट. पाचव्या दिवशी तपासणीच्या मॅडम तिला जिन्यात सापडल्या आणि तिने सरळ वाट अडवली.

"मॅडम, चूक माझी आहे. तुम्ही त्या दिवशी माझं काम बघून गेलात, मास्तरांना बघायचं राहूनच गेलं. एक दिवस सकाळी साताला या."

मॅडमनी वेळेची अडचण सांगितली, नियम सांगितला, घरी लहान मुलगी आहे तेही सांगितलं. ताई सगळ्याला मान डोलावत राहिली, पण पायरीवरून हलली नाही. शेवटी मॅडमनीच हात टेकले.

मास्तर मात्र भडकले. माझा तमाशा मांडणार का, म्हणाले. परक्या पोरीसमोर ओल्या चादरीत लोळू का, म्हणाले. ताईने समजूत घातली नाही. नको असेल तर आत्ता फोन करून कळवते, एवढंच म्हणाली. पण बोलवायचं झालं तर त्या दिवशी 'होतं की' चालणार नाही. मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. उत्तर दिलं दुसऱ्या दिवशी, अर्ध्या गालावर साबण असताना. "बोलवा."

साताला मॅडम आल्या. ताई स्टुलावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मास्तरांनी डाव्या हाताने खाटेची कड धरली. कुशीवर वळायला सात मिनिटं गेली. उजवा पाय चादरीत अडकला, तो सोडवताना ते पुन्हा उताणे झाले. चादर ओली होती आणि ती झाकायला कोणी पुढे होत नव्हतं. पुन्हा कड धरली, पुन्हा निसटली. अर्ध्या तासाने न राहवून मॅडमच उठल्या.

"बसा मॅडम," ताई म्हणाली. सहा वर्षांत इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं.

पाऊण तास झाला. मास्तरांना धाप लागली, मग ते थांबले. आणि छताकडे बघत, गिऱ्हाइकाचं माप कारागिराला सांगावं तशा खणखणीत आवाजात बोलू लागले.

"लिहा. कुशीवर वळणं, सात मिनिटं. उठून बसणं, होत नाही. संडास, होत नाही. अंघोळ, होत नाही."

मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या. एका रकान्याशी त्या अडखळल्या. "कपड्यांचं काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

त्या रकान्याला सगळ्यांत जास्त गुण होते, मागचा निकाल त्यावरच फिरला होता. नाही म्हणा हो मास्तर, हे शब्द अगदी तिच्या ओठांवर आले होते.

"शर्ट येतो मला," मास्तर म्हणाले. "येतो असंच लिहा."

मॅडमनी तसंच लिहिलं. बेरीज केली, पुन्हा एकदा केली. तरीही नियमात बसतंय, म्हणाल्या. सेवा चालू राहील, वरची सही मी स्वतः आणते.

ताईने हात मोकळे केले. बोटांना मुंग्या आल्या होत्या. तशीच उठून ती खाटेपाशी गेली आणि मास्तरांच्या पाठीखाली हात घालणार, तोच त्यांनी तिला खुणेने थांबवलं.

"मॅडम, आता तुम्ही बाहेर बसा," ते म्हणाले. "माझी अंघोळीची वेळ झाली."

मॅडम लगबगीने उठल्या, आणि जाताना त्यांनी दार आपणहून ओढून घेतलं.