तळपायाची आग

दादाने त्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलपायी माझ्या नाकी नऊ आणले होते. गॅरेज माझं आणि गिऱ्हाईक सख्खा भाऊ, म्हणजे तक्रार जेवतानासुद्धा. "इंजिन उजवा पाय भाजून काढतंय. तळपायाची आग मस्तकात जाते," असं म्हणून वर स्वतःच हसायचा.

मी कूलंट बदललं, रेडिएटरच्या जाळीतले किडे काढले, सायलेन्सरच्या नळीला पट्टी गुंडाळली. माझा थर्मामीटर म्हणजे दादाचा पाय. तासभर फिरून यायचा आणि सांगायचा. आधी "भाजतंय", मग "चटका बसतो", मग "कोमट". महिन्याभरात एवढा फरक! मी खूश होते. सोमवारी तो बारा दिवसांच्या प्रवासाला निघणार होता, निवृत्तीनंतरच्या पहिल्याच. शेवटचा उपाय म्हणून पाय आणि इंजिनच्या मध्ये बसेल असा पत्रा मी कापून ठेवला.

शनिवारी मी जेवायला गेले, तेवढ्यात हा न विचारता गाडी घेऊन गेला. परत आला तो हेल्मेट काढत म्हणाला, "जिंकलीस, चिमणे! एकदम गार. तुझ्या पत्र्याने कमाल केली."

त्याच्या तोंडून कौतुक म्हणजे नवलच. मी हात पुसायला बाकावरचं फडकं उचललं, तर खाली पत्रा. भोकंसुद्धा पाडायची राहिली होती.

मला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. डोकं बधिर झालं, एवढंच.

"दादा, स्टुलावर बस. पँट वर कर."

पोटरीवर लिंबाएवढा फोड होता, फुटून कापडाला चिकटलेला. दादा तो शेजाऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला. "हा कधी आला?"

साखरेचा आजार त्याला अकरा वर्षं आहे. गोळ्या वहिनी हातावर ठेवते म्हणून घेतो. आणि मागचा ब्रेक याच पायाखाली असतो.

मी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. वहिनीलाही त्या किल्लीला हात लावू न देणारा माणूस स्टुलावरून उठलाही नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याचा बूट काढला, मोजा काढला. "आता अंगठा दाबते. कळलं की सांग."

त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि दात आवळले. मी नख रुतेपर्यंत दाबलं. रुतल्याची खूण उमटली.

"हं," तो म्हणाला, "दाब की."