पावडर इकडची, पाणी तिकडचं

सकाळी सव्वानऊला नर्सबाईंनी लस कालवली आणि एक आजोबा माझ्या अंगाशी पचकन थुंकले. मी दवाखान्यातली लशीची निळी पेटी बोलतेय.

माझ्या पोटात गोवराची लस असते. तिची पावडर इकडच्या शास्त्रज्ञांनी बनवली, ती कालवायचं पाणी शेजारच्या देशातल्या शास्त्रज्ञांनी. एकाशिवाय दुसरं फुकट. दोन्ही देशांचं हाडवैर, पण सरहद्दीच्या नाक्यावर तिकडच्या शास्त्रज्ञ बाईंनी माझ्यात पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, इकडच्या सरांनी झाकण लावलं. मी पार होईपर्यंत दोन्हीकडच्या तोफा गप्प होत्या. किती अभिमान वाटला होता मला!

मग इथल्या मोठ्या साहेबांनी ‘विज्ञान आणि शांतता’ या भाषणाच्या दिवशी माझ्यात सरबताच्या बाटल्या गार केल्या. तळाशी सांडलेलं चिकट पाणी कुणी पुसलंसुद्धा नाही. आठवडाभर स्वतःचाच वास सोसला. शी!

आणि आज हे आजोबा. पाण्याच्या बाटलीवरची तिकडची अक्षरं पाहून ओरडले, “शत्रूचं पाणी माझ्या नातीच्या दंडात?”

रांगेतल्या आया पोरांना छातीशी धरून मागे सरल्या. एक कुजबुजली, “अगं बाई, पाण्यात काही कालवलं असेल तर?”

“कालवलंय ना, लस!” नर्सबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

आजोबांची सून बाळाला घट्ट धरून उभी होती. म्हणाली, “बाबा, जाऊबाईंचं लेकरू गोवरानं गेलं. तेव्हा गोवरानं देश विचारला होता का?”

“फार शहाणी झालीस!”

“शहाणी नाही हो, घाबरलेय,” असं म्हणून तिनं बाळाची बाही वर केली.

बाळानं टाहो फोडला. भिंतीकडे तोंड करून उभे असलेले आजोबा नर्सबाईंवरच खेकसले, “हळू टोचा की जरा!”

पण बाकीच्या आया तोवर पसार झाल्या होत्या. भांडण मोठ्यांचं आणि लशीविना उघडी पडणार पोरं. किळस येते मला वैराच्या असल्या अभिमानाची.

बाटलीत अजून नऊ लेकरांची लस आहे. कालवलेली लस टिकत नाही. तीन वाजले की नर्सबाई ती फेकून देतील. तुमच्या शेजारी कुणाचं तान्हं असेल तर आत्ताच हाक मारा. म्हणावं, घेऊन ये गं, नर्सबाई वाट बघतायत.