दार उघडंच राहू द्या

केदारखेड्यात परदेशचा फोन यायचा तो नजीरच्या एसटीडी बूथवर, रविवारी सकाळी, धारा काढून झाल्यावर. तिकडं चिलीत तेव्हा शनिवारची रात्र असायची. भुजंग जालन्याच्या एका बियाणे कंपनीत कामाला होता आणि कंपनीनं त्याला मिरचीचं बी तयार करायला तिकडं धाडलं होतं. बोली वर्षाची होती. ते वर्ष सरत आलं होतं आणि कंपनी विचारत होती, अजून दोन वर्षं राहतोस का?

फोन भुजंगच्या बायकोसाठी यायचा, असं म्हणायची पद्धत होती. खरं तर तो गावाला यायचा. आधी सासरा, अप्पाराव, खुर्ची ओढून बसायचा आणि पाऊस, बैल, भावकी सगळं सांगून घ्यायचा. मग पुंजाराम. याचं भुजंगशी नातं ना गोतं, पण फुकट पेपर वाचायला बसलेला माणूस फोन कसा सोडील? "तिकडं ऊस हुतो का रं?" हे तो दर रविवारी विचारायचा. सगळ्यांचं चोखून झालं की उरलेली कोय बायकोच्या, म्हणजे बेबीनंदाच्या हातात.

फोनच्या खोक्याला काचेचं दार होतं. पण सासरा बाहेर बसलेला असताना सुनेनं आत दार लावून नवऱ्याशी बोलायचं? गावानं तिला गावात राहू दिलं नसतं. म्हणून दार उघडं, पदर डोक्यावर, तोंड भिंतीकडं. आणि बोलणं काय, तर "हं". जेवलीस का? हं. पोरगी बरी हाय का? हं. आपल्याकडं बाईनं जीव लावावा, पण तोंड लावू नये. म्हशीनं दूध द्यावं आणि हंबरू नये, तसं.

यावर भुजंगनं तोड काढली ती स्पॅनिशची. जायच्या आधी कंपनीनं त्याला भाषेच्या कॅसेटी दिल्या होत्या. संध्याकाळी टेप लावून हा पाचव्या मिनिटाला घोरायचा. चुलीपुढं भाकरी थापता थापता शिकली ती बेबीनंदा. त्यामुळं एका रविवारी तो हळूच म्हणाला, "ते किएरो," म्हणजे तुझ्यावर जीव आहे, तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"कळलं का?"

"हं."

"हितं घरमालकीण म्हातारी हाय ना, ती रोज लेकीला फोन करती. ठेवायच्या आधी असं म्हणती. समोरचीनं उलटून म्हणायचंच असतंय, यो ताम्बिएन. न्हाई म्हणलं तर म्हातारी जेवत न्हाई. तू म्हण की. कुणाला कळून राह्यलंय तिथं?"

बेबीनंदानं मागं पाहिलं. अप्पाराव तंबाखू मळत होता. पुंजारामाचा पेपर उलटा होता.

"हं," ती म्हणाली.

पुढं दर रविवारी तेच. तिकडून ते किएरो, इकडून हं. पुंजारामानं एकदा विचारलंच, "काय गं सूनबाई, काय म्हणतंय पोरगं?"

"बियाचं सांगून राह्यलेत."

"तुला बियाचं काय कळतंय?"

"तुम्हाला पेपरातलं कळतंय तेवढं, काका."

नजीर हसून हसून गल्ल्यावर आडवा झाला.

पण घरी आल्यावर तिचं डोकं फिरायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवऱ्याचं नाव तिनं एकदाच घेतलं होतं, मांडवात, उखाण्यात. त्यानंतर "अहो" आणि "पोरीचे बाप". त्यानं तर तेवढंही नाही. मराठीत त्याचं सगळं प्रेम "भाकर वाढ" एवढ्यात मावायचं. आणि आता समुद्रापलीकडं जाऊन, कुणाला कळत नाही अशा भाषेत हा शूर झाला होता. बायकोवर जीव आहे हे सांगायला चोरासारखी परकी बोली लागावी? लाज कशाची होती? आणि तिनंही त्याच बोलीत गुपचूप उत्तर दिलं, तर गावाला ऐकू काय जाणार? परत हं.

अप्पारावला पोरगं तिकडंच हवं होतं. तंबाखू, चहा सगळं मिळत होतं त्याला, पण भोकरदनच्या बाजारात "फॉरेनवाल्याचा बाप" म्हणून जी खुर्ची मिळायची, तिची चव न्यारी होती.

शेवटच्या रविवारी तो फोनवर म्हणाला, "ऱ्हा अजून दोन साल. हितं समदं बराबर चालू हाय. सूनबाईचीबी काय ना न्हाई."

बेबीनंदा शेजारीच उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

रिसीव्हर तिच्या हातात आला. तिकडून भुजंगचा आवाज पडलेला. "बाबा म्हणतेत ऱ्हा. सोमवारी सही करायची हाय. तू काय म्हणतीस?" मग हळूच, "ते किएरो."

तिचा चेहरा बघून नजीर उठला. चांगला माणूस. "भाभी, मैं दरवाजा लगा देतूं. आरामसे बोलो."

"नको, नजीरभाई. दार उघडंच राहू द्या."

तिनं भिंतीकडचं तोंड फिरवून बाहेर केलं, सासऱ्याकडं, पुंजारामाकडं.

"यो ताम्बिएन," ती मोठ्यानं म्हणाली. "आता मराठीत ऐका. भुजंगराव, माझाबी तुमच्यावर जीव हाय. लई हाय. तुमच्याबिगर मला करमून न्हाई राह्यलं. माझी ना हाय. सही करू नका, घरी या."

पुंजारामाच्या मांडीवरून पेपर घसरला. अप्पारावची चिमूट ओठापाशीच राहिली. सुनेनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं, विना उखाण्याचं, विना मांडवाचं, आणि आभाळ काही पडलं नव्हतं.

तिकडं मागं कुणीतरी खाकरलं. जालन्याची आणखी दोन पोरं त्याच खोलीत होती.

"हं," भुजंग म्हणाला.

"हं न्हाई चालायचं. म्या वरीसभर हं म्हणलंय, मला ठाऊक हाय त्याची किंमत. बोला. मराठीत बोला."

मग घसा फुटल्यासारखा आवाज, इतका मोठा की बाकावरच्यांनीही ऐकला. "माझाबी हाय. जीव. तुझ्यावर, बेबी. येतो. सही करत न्हाई."

खोलीतली पोरं हसली. त्यांना तो काहीतरी सणसणीत बोलला, तेही मराठीतच.

बेबीनंदानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि रिसीव्हर सासऱ्यापुढं धरला.

"घ्या मामा. पोरगं येऊन राह्यलंय तुमचं. कोणत्या तारखेला, तेवढं इचारून घ्या."

अप्पारावनं रिसीव्हर घेतला. तोंडात तंबाखू, तोंडावर राग. काय काय बोलायचं होतं त्याला. पण सगळं बूथ कान देऊन बसलं होतं, आणि बाकावरून पुंजाराम घाईनं म्हणाला, "आन अप्पाराव, तिकडं ऊस हुतो का, तेवढं आता शेवटचं इचारा की."