वेशीवरचं कमळ

"टाकी उभी धर, चतुरा. आडवी लागली का पाकळी गेली."

नवरा मरून कितीक वर्षं झाली, तरी खोकल्यानं मधेच तुटणारा सोनाजीचा आवाज चतुराबाईच्या कानात होता. खाणीच्या धुळीनं त्याची छाती भरली, हात थरथरू लागले. आणि नेमकं तेव्हाच पाथरवाडीच्या वेशीवर कमळ कोरायचं काम त्याच्या नावानं आलं. वेशीच्या दगडाला बाईनं टाकी लावायची नाही, हा पाथरवटांचा रिवाज. बांबूच्या तट्ट्याआड बसून चतुरानं कमळ कोरलं.

"कुनाला बोलू नको गं," तो म्हणाला होता. "माझ्यामागं माझं एवढंच राहील."

ती बोलली नाही. गावात येणारी प्रत्येक नवरी कमळाला हात लावून आत यायची. म्हातारे सांगायचे, "सोनाजीच्या हातचं हाय."

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर लष्कराच्या गाड्या वेशीत मावेनात, म्हणून वेस पाडली. तिचेच दगड फोडून रस्त्याला खडी. फोडायला चतुराबाई आणि गौसिया. गौसियाचा नवरा त्या धामधुमीत गेला, तो परतला नव्हता.

मुकादम रामकिशननं पहारीनं एक दगड उलथला. कमळ वर आलं. घण थांबले.

"मावशे, तू घरी जाय. काकाचं फूल तुझ्याम्होरं कसं फोडावं?"

"ठिवता येत न्हाई का रे?"

"सायब आयकून नाही घेऊन राहिला. म्या लई इनवलं."

चतुराबाई उठली नाही. मांडीवर घण घेऊन हलकेच गुणगुणली,

*काळ्या गं पाषाणाला, फूल आलं देखणं*
*कुण्या गं माळणीनं, केलं त्याचं राखणं*

गौसियानं पदरानं कमळ पुसलं. "लगीन होऊन आले तवा ह्यालाच हात लावला व्हता, आक्का. ही एक पाकळी तेवढी तुटकी. नजर लागू नये म्हून सोनाजीभाऊनं मुद्दाम तोडली म्हन्त्यात. व्हय?"

दगड राहिला असता तर सोनाजी राहिला असता. आता दोघंही गाड्यांच्या चाकांखाली चालले होते.

चतुराबाईनं तुटक्या पाकळीवर अंगठा ठेवला. तो तिथं बरोबर बसला.

"न्हाई गं," ती म्हणाली. "टाकी आडवी लागली व्हती माझी."