न दाबता काढलेला ळ

रिफिल कशी निवडायची हे अण्णांनी सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. इतर घरांत सासरे सुनांना काय शिकवतात ठाऊक नाही, या घरात हे शिकवलं गेलं.

स्टेशनरीच्या दुकानात काउंटरला दोरीने बांधलेली एक वही असते. गिऱ्हाईक पेन उचलतं, वहीत रेघोट्या मारतं, फार तर झोकात सही करतं आणि खूश होऊन पैसे देतं. अण्णांच्या हिशेबी ही सगळी भोळी मंडळी.

"सही माणूस दाबून करतो," ते म्हणाले होते. "दाबलं की भंगार रिफिलसुद्धा लिहिते. आपण ळ काढायचा. त्याचा एक डोळा इकडे वळतो, दुसरा तिकडे. दोन्ही वळणांवर शाई तुटली नाही, गोळा पडला नाही, की घ्यायची. आणि न दाबता. पेन आजारी आहे असं समजून धरायचं."

सुनेला हे इतकं साधलं की अण्णांनी दुकानात जाणंच सोडलं. घरातल्या किल्ल्या सासूबाईंकडे, बँक मुलाकडे आणि रिफिल सुनेकडे अशी खाती वाटली गेली. त्यानंतर त्या खात्यात अण्णांनी कधी डोकावून पाहिलं नाही.

रिफिलचं एवढं कौतुक कशाला, तर अण्णांना दुपारचं काम होतं. नोकरी संपल्यावर ते चौकापलीकडच्या घड्याळवाल्याकडे बसत. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यावर मालकाचं नाव आणि घड्याळाची तक्रार बारीक अक्षरात लिहायची. घड्याळवाल्याचं स्वतःचं अक्षर असं की एकदा एका वकिलाचं घड्याळ महिनाभर एका न्हाव्याच्या मनगटावर चालत होतं. अण्णा आल्यापासून ज्याचं त्याला मिळू लागलं. पैसे नावापुरतेच मिळत, पण दुपारी जेवण झालं की अण्णा भांग पाडून, खिशाला धातूचं पेन लावून निघत, तेव्हा त्यांच्या चालण्यात ऑफिसरची ऐट असे.

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्याच सुमारास सून सकाळी कामाला जायची त्या दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, सकाळच्याऐवजी पूर्ण दिवस येशील का? सुनेला जायचं होतं. फार दिवसांपासून जायचं होतं. पण दुपारी सासूबाईंजवळ कोण?

"अण्णांनी आता घरी बसावं," नवरा म्हणाला.

"मग सांग ना त्यांना."

"मी कसं सांगणार? त्यांना वाईट वाटेल."

अण्णांनी घरी बसावं यावर त्याचं ठाम मत होतं. सांगायचं कोणी, यावर मात्र त्याचं काहीच मत नव्हतं.

त्याच आठवड्यात अण्णा म्हणाले, "अगं, रिफिल संपत आली. आणशील?"

ती दुकानात गेली. नेहमीची बारीक टोकाची रिफिल घेतली, वहीत ळ काढला. लोण्यासारखा उतरला. मग सहज शेजारच्या डब्यातली दुसरी उचलली. ती पहिल्याच वळणावर अडली, दुसऱ्यावर मुकी झाली आणि शेवटी शाईचा एक गोळा टाकून मोकळी झाली.

"ती नको, ताई," दुकानदार म्हणाला. "ती आम्ही ऑफिसांना देतो, काउंटरवर बांधून ठेवायला. तिची चोरी होत नाही."

"का?"

"चोरून करणार काय?"

ती हसली. मग तिने पुन्हा एक ळ काढला, अगदी न दाबता. तोही अडला. आणि तिने तीच रिफिल बांधून घेतली. दुकानदाराने वर पाहिलं, पण गिऱ्हाइकाची अक्कल काढणं हे काही त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

वाटेत तिने स्वतःशी सगळं जुळवून घेतलं. अण्णांना दगदग नको. चौकात गाड्या किती. मागे जिन्यात घसरले होतेच. सासूबाईंना सोबत होईल. या सगळ्याच्या तळाशी दवाखान्याची पूर्ण दिवसाची नोकरी होती, पण ती तिने अशी ठेवली की वरून दिसू नये. माणूस स्वतःपासून लपवायला लागला की फार व्यवस्थित लपवतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा परतले ते पेन हातात धरूनच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन तळव्यांत घोळवलं, टोकावर फुंकर घातली, चपलेच्या तळाला घासून पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"रिफिल तू बघूनच आणलीस ना?"

"हो, अण्णा."

"ळ काढून?"

"हो."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तेच तिला नंतर जास्त बोचलं.

अण्णांनी मान हलवली आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. रिफिल सुनेने पारखलेली, म्हणजे तिच्यात खोट नाही. उरला हात. दुसऱ्या कुठल्या घरात माणसाने आधी रिफिल फेकून दिली असती, मग पेन, मग दुकानदाराला चार शब्द सुनावले असते. इथे तेवढा शहाणपणाचा रस्ता विश्वासानेच बंद करून टाकला होता.

आठवड्याभरात घड्याळवाल्याला सांगून ते घरी बसले. "चिठ्ठ्या वाचता येईनात," एवढंच म्हणाले. सून पूर्ण दिवस दवाखान्यात जाऊ लागली. ठरवल्याप्रमाणे सगळं झालं, आणि इथेच थांबलं असतं तर हा किस्सा सांगण्यासारखाही नव्हता.

पण अण्णा चहाचा कप दोन हातांनी धरू लागले. शर्टाची वरची बटणं मुलाकडून लावून घेऊ लागले. दाढी एक दिवसाआड झाली, मग आठवड्याची. जेवताना घास तोंडाजवळ नेऊन थांबत आणि हात थरथरतोय का ते बघत. असं टक लावून पाहिलं तर कुणाचा थरथरणार नाही?

"हे घर आहे की अवयवांचं प्रदर्शन?" सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "मी गुडघ्याकडे बघत बसते, हे हाताकडे. यांना घरी बसायचा सल्ला कोणी दिला?"

"तुम्हाला सोबत झाली ना, आई?" सून म्हणाली.

"सोबत? खालच्या मजल्यावरची वहिनी यायची दुपारी, चांगल्या गप्पा व्हायच्या. आता हे इथे बसतात म्हणून ती फिरकत नाही. मला विचारलंत का कोणी?"

कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी अण्णांनी सुनेला बोलावलं. धातूचं पेन त्यांनी फडक्याने पुसून ठेवलं होतं.

"हे तुला. दवाखान्यात उपयोगी पडेल."

"अण्णा, हे तुमचं आहे."

"दादाचाही आधी हात गेला होता," ते शांतपणे म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. "मग बोलणं. मग माणसं ओळखेना. पुढचं मला माहीत आहे, म्हणून म्हटलं चांगल्या हाताने देऊन टाकावं."

तिने पेन घेतलं आणि तशीच, घरातल्या चपला पायात घालून, दुकानात गेली. दुकानदाराला डबेच्या डबे काढायला लावले. ओळीने ळ काढले. एकीचा जरा जाड वाटला, एकीने शेवटी केसभर शाई तोडली, तीही बाजूला. शेवटी एक अशी मिळाली की पेन कागदावर आहे की हवेत, हे कळेना.

"मागची परत आणलीत का?" दुकानदाराने विचारलं. "मी सांगितलं होतं, ताई."

"सांगितलं होतंत," ती म्हणाली.

घरी येऊन तिने रिफिल बदलली, जुनी ओट्यावर ठेवली आणि पेन अण्णांच्या हातात दिलं. "लिहा."

अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. घड्याळवाल्याच्या चिठ्ठीवर लिहीत तसंच, बारीक: 'काच फुटली. मागे पडतं.' एकही अक्षर अडलं नाही. तिला वाटलं, सुटले.

"आज बरा चाललाय," अण्णा म्हणाले. "दादाचाही एखाद्या दिवशी चालायचा."

मग तिला सांगावंच लागलं. "अण्णा, तुमचा हात चांगला आहे. रिफिल वाईट होती. मी मुद्दाम वाईट आणली होती. तुम्ही घरी बसावं म्हणून."

अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि तेही नेमके इथे.

"ऐकलंस का गं?" त्यांनी बायकोला हाक मारली. "माझं मन राखायला स्वतःवर आळ घेतेय. अशी सून मिळायला नशीब लागतं."

सासूबाईंनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. त्या पाहण्यात नशिबाचा काही भाग नव्हता.

सून उठली. ओट्यावरची जुनी रिफिल आणून पेनात घातली आणि पेन सासूबाईंच्या हातात दिलं. "आई, तुम्ही ळ काढा. दाबू नका."

सासूबाईंचा हात कणीक मळणारा, त्यात कुणाला शंका नव्हती. पेन पहिल्या वळणावर अडलं, दुसऱ्यावर मुकं झालं आणि शेवटी गोळा पडला.

"या पेनाने माझं नाव लिहिलं तर मी अर्धीच राहीन," सासूबाई म्हणाल्या. पण कुणी हसलं नाही.

अण्णांनी पेन घेतलं. स्वतः एक ळ काढला, मग रिफिल बदलून त्याच्या शेजारी दुसरा. दोन्हींकडे बराच वेळ पाहत राहिले. हात जराही थरथरत नव्हता.

"दुकानात पारखली होतीस?"

"हो."

"ळ काढून?"

"हो."

"न दाबता?"

"हो, अण्णा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशाला अडकवलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं, रागावलेल्या माणसाची समजूत तरी काढता येते. ते फक्त म्हणाले, "पद्धत बरोबर आहे."

"एवढ्यासाठी?" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, दोघंही जा कामावर आणि मला जरा मोकळं सोडा."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गुळगुळीत दाढी केली आणि दुपारी घड्याळवाल्याकडे गेले. तिथे चिठ्ठ्यांचा ढीग त्यांची वाटच पाहत होता. सून पूर्ण दिवस दवाखान्यात जातच राहिली. खालच्या वहिनी पुन्हा येऊ लागल्या. कुणाचंच काही बुडालं नाही.

अण्णा सुनेशी पहिल्यासारखेच बोलतात. औषधं तिलाच आणायला सांगतात, चष्म्याचा स्क्रू तिच्याकडूनच बसवून घेतात, दात दुखला तर डॉक्टरीणबाईंच्या आधी तिला दाखवतात. फक्त रिफिल संपली की चपला घालून स्वतः निघतात.

"येताना मी आणते ना," ती एकदा म्हणाली.

"नको, माझी मी आणीन," ते म्हणाले. अगदी मायेने म्हणाले.

परवा दवाखान्यासाठी पेन घ्यायला ती त्या दुकानात गेली. काउंटरवरच्या वहीत, लोकांच्या रेघोट्यांच्या आणि सह्यांच्या गर्दीत, एका कोपऱ्यात ळची ओळ होती. बारीक, सारखे, एकही न तुटलेला. दुकानदाराने तिच्यासमोर पेनांचा डबा ठेवला आणि वही तिच्याकडे सरकवली.

तिने हाताला लागलं ते पेन उचललं, पैसे दिले आणि न पारखताच ती बाहेर पडली.